रिव्हर रेड: नदी पाठ करून विमान कसं उडवायचं

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण गाडी. कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की बसच्या काचेपुढचं हातभर दिसायचं नाही, पण आबांची गाडी वळणावर कधी अडखळली नाही. एकदा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून मी विचारलं, "आबा, दिसतंय का तुम्हांला?" ते म्हणाले, "दिसायला कशाला पाहिजे? घाट पाठ असतो, बाळा."

हे इथं सांगायचं कारण असं, की रिव्हर रेड हा विमानाचा गेम मला जो जमला तो या एका वाक्यामुळे जमला. माझा भाऊ माझ्यापेक्षा हातानं चपळ होता, तरी माझा स्कोअर त्याच्या पुढं जायचा. त्याला समोर आलेलं चुकवता यायचं. मला पुढं काय येणार आहे ते माहीत असायचं.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी "टीव्ही गेम" होता त्यांना हा गेम नावानं नाही, तर चित्रावरून आठवेल. हिरवे काठ, मधे निळी नदी, खालून वर जाणारं पिवळं विमान, आणि उभ्या अक्षरांत एफ-यू-ई-एल लिहिलेले पेट्रोलचे डबे. आपल्याकडे अटारी कंपनीच्या २६०० या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या नकला मिळायच्या, एकाच डब्यात ढीगभर गेम असायचे, आणि त्या ढिगात हा बहुतेक वेळा असायचाच. मूळ गेम अमेरिकेतला, १९८२ सालचा, अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीचा. लिहिला कॅरल शॉ यांनी. बर्कलीला कॉम्प्युटर सायन्स शिकून त्या १९७८ मध्ये अटारीत लागल्या होत्या. त्या काळात व्हिडिओ गेम लिहिणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मला हे कळलं तेव्हा माझं वय पस्तीस होतं. दहाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आज खेळायचा तर सोपा रस्ता म्हणजे कॉम्प्युटरवर स्टेला नावाचा मोफत एम्युलेटर टाकणं. तो कॉम्प्युटरला अटारी २६०० सारखं वागायला लावतो. जुनं खरं कार्ट्रिज, म्हणजे आपण ज्याला कॅसेट म्हणायचो ते, कुणाकडे असेल तर २०२३ मध्ये आलेल्या अटारी २६००+ या नव्या यंत्रातही ते चालतं. स्टेलात बाणांच्या बटणांनी विमान हलतं, स्पेसबारनं गोळी सुटते, एफ१ म्हणजे सिलेक्ट आणि एफ२ म्हणजे रिसेट. एवढ्यावर खेळ सुरू होतो. तरी साधी यूएसबी जॉयस्टिक मिळाली तर घ्याच. बाणांच्या बटणांवर बोट जास्त वेळ रुतून बसतं, आणि या गेममध्ये तीच चूक जीव घेते.

आता विमान. ते स्क्रीनवर वर-खाली जात नाही, नेहमी तळाशीच असतं. जॉयस्टिक पुढं ढकलली की नदी जोरात खाली येते, मागं ओढली की हळू येते. थांबत मात्र कधीच नाही, ब्रेक नाही. डावीकडे-उजवीकडे सरकता येतं. काठाला लागलं की फुटलं, पुलाला लागलं की फुटलं, जहाज, हेलिकॉप्टर, जेट यांना लागलं तरी फुटलं. फक्त पेट्रोलच्या डब्यावरून जायचं असतं, तिथं धडक बसत नाही.

नवीन माणूस पहिली चूक करतो ती बाजूला सरकताना. समोर हेलिकॉप्टर दिसलं की तो जॉयस्टिक दाबून धरतो, हेलिकॉप्टर चुकतं आणि विमान काठावर आपटतं. त्यामुळे पहिला अर्धा तास पुलाशिवाय कशालाही गोळी न मारता नुसतं उडवा. बाजूला जायचं ते टिचक्या मारत, चूल फुंकताना आपण थांबून थांबून फुंकतो तसं. एक टिचकी, सोडा, बघा. पुन्हा एक टिचकी. माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. त्याला मी हे शिकवलं तेव्हा तो सारखा म्हणायचा, "मावशी, गोळी कधी मारू?" मी म्हटलं, पहिला पूल येईपर्यंत मारायची नाही. पूल मात्र मारल्याशिवाय ओलांडता येत नाही, म्हणून पहिली गोळी पुलालाच.

गोळीचा एक नियम नीट समजून घ्या. एक गोळी स्क्रीनवर असेपर्यंत दुसरी सुटत नाही, बटण कितीही दाबा. लांबच्या जहाजावर नेम धरून मारलं आणि चुकलं, तर ती गोळी वरपर्यंत जाईस्तोवर तुमचे हात बांधलेले. जवळ येऊ देऊन मारलं तर गोळी लगेच लागते आणि लगेच दुसरी तयार होते. म्हणजे भराभर गोळ्या सोडायच्या तर शत्रू जवळ येऊ द्यावा लागतो. भीती वाटते, पण सवयीनं जाते. दुसरं, अटारीवर प्रत्येक खेळाडूसाठी डिफिकल्टीचा एक खटका असतो, त्याच्या दोन जागा, ए आणि बी. बी वर ठेवलं तर सुटलेली गोळी विमानाबरोबर डावी-उजवी वळते, ए वर ठेवलं तर ती सरळ जाते. स्टेलात एफ५ नं ए होतं, एफ६ नं बी. सुरुवात बी वर करा. पण पंधरा दिवसांनी ए वर या, कारण बी वर गोळी वळवायच्या नादात विमानही वळतं आणि काठ जवळ असला की संपलं. ए वर नेम आधी धरावा लागतो. हात त्यानं शिस्तीत येतो.

गुण असे: जहाजाला ३०, हेलिकॉप्टरला ६०, पेट्रोलच्या डब्याला ८०, जेटला १००, पुलाला ५००. दर १०,००० गुणांना एक जादा विमान मिळतं, ज्याला आम्ही लाईफ म्हणायचो. आता हिशेब करा. नुसते २० पूल उडवले तरी १०,००० होतात. बाकी काही मारलं नाही तरी एक लाईफ. म्हणून जेटच्या मागं लागायचं नाही. जेट काठांची पर्वा न करता आडवी जातात, त्यांच्या नादानं विमान नदीच्या कडेला जातं, आणि १०० गुणांपायी आख्खी लाईफ जाते. समोरून सरळ रेषेत आलं तर मारा, नाहीतर जाऊ द्या. जहाजं आणि हेलिकॉप्टरं सुरुवातीला बरीचशी जागच्या जागी असतात, तुम्ही जवळ आलात की काही हलायला लागतात आणि काठाला टेकून परत फिरतात. हलणाऱ्याला मारायचं तर ते आता जिथं आहे तिथं नेम धरू नका. ते जिथं येणार तिथं विमान आधीच नेऊन ठेवा.

पेट्रोल हा या खेळाचा जीव आहे, आणि इथं मला जरा सावकाश सांगायचंय.

तळाला एक पट्टी असते, एका टोकाला ई, दुसऱ्याला एफ, मधे अर्ध्याची खूण. काटा एफ वरून ई कडे सरकत राहतो. तो किती सरकतो हे वेळेवर आहे, तुम्ही किती वेगानं जाता त्यावर नाही. हे डोक्यात बसलं की खेळ बदलतो. कारण हळू गेलं तर पेट्रोल वाचेल असं आपल्या मनात असतं, आबांच्या बसचं तसंच होतं. इथं उलटं आहे. रेंगाळलात तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये कमी नदी कापली जाते. म्हणून दोन डब्यांच्या मधे जेवढं झेपेल तेवढं जोरात जायचं, आणि डबा आला की जॉयस्टिक मागं ओढून त्याच्यावरून शक्य तेवढं हळू जायचं, कारण विमान डब्यावर जितका वेळ असेल तितकं पेट्रोल भरतं. जोरात आलात तर डबा सर्रकन खालून निघून जातो आणि काटा जेमतेम हलतो.

हे कानानं करायला शिका. भरताना टुक टुक आवाज येतो, टाकी पूर्ण भरली की तोच आवाज बदलतो. पेट्रोल संपत आलं की सायरन वाजायला लागतो. आमच्या घरी तेव्हा पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. नदी करडी, काठ करडे, डबेही करडे. शिवाय गेमची पिन अँटेनाच्या जागी जरा सैल बसायची, मग पडद्यावर मुंग्या यायच्या. पेट्रोलचा काटा तर त्यात दिसायचाच नाही. म्हणून मी तो आवाजावर खेळायला शिकले. डब्यावर आले की डोळे वरच्या काठाकडे आणि कान टुक टुककडे. आवाज बदलला की जॉयस्टिक पुढं. पुढं कलर टीव्ही आला तरी ती सवय गेली नाही, आणि मला वाटतं ती प्रत्येकानं मुद्दाम लावून घ्यावी. काट्याकडे बघायला नजर खाली आली की तेवढ्यात वरून काय आलं ते कळत नाही.

डबा मारला तर ८० गुण मिळतात, म्हणून हात शिवशिवतो. नियम एकच ठेवा: टाकी भरलेली असेल तरच डबा फोडायचा. दोन डबे लागोपाठ आले, पहिल्यावर टाकी भरली, तर दुसरा फोडा. टाकी भरलेली नसेल तर बोट बटणावरून उचलून ठेवा, नुसतं सैल नको. माझ्या भावाच्या निम्म्या लाईफ स्वतःच फोडलेल्या डब्यांपायी गेल्या. पुढं पुढं डबे विरळ होत जातात, तेव्हा एक चुकला तरी सायरन वाजणार हे धरून चाला.

आणि आता पाठ करण्याची गोष्ट.

अटारी २६०० च्या पोटात तात्पुरती मेमरी फक्त १२८ बाइट. हा आख्खा गेम ४ किलोबाइटचा. मैलोन्‌मैल नदीचा नकाशा त्यात साठवायला जागाच नाही. मग कॅरल शॉ यांनी नकाशा साठवलाच नाही. त्यांनी एक आकडा घेतला आणि त्याच्यापासून पुढचा आकडा काढायची एक ठरावीक रीत घातली. त्या आकड्यावरून काठ किती रुंद, बेट कुठं, जहाज कुठं, डबा कुठं हे ठरतं, मग पुढचा आकडा, मग त्याच्या पुढचा. नदी जुळवून आणल्यासारखी नाही वाटत, अगदी आपोआप वाहिल्यासारखी वाटते. पण सुरुवातीचा आकडा दर वेळी तोच असतो. सतराचा पाढा जसा कुणीही कुठंही म्हटला तरी सतरा, चौतीस, एक्कावन्न असाच जातो, तशी ही नदी. तुमच्या घरी, माझ्या घरी, १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात, तीच नदी, तीच बेटं, तोच डबा त्याच काठाला.

शिवाय नदीची डावी बाजू ही उजव्या बाजूचं आरशातलं रूप आहे. हे यंत्र स्क्रीनची अर्धी पार्श्वभूमी ठरवून उरलेली अर्धी तीच उलटी करून दाखवू शकतं, आणि इथं तेच केलंय. म्हणून बेट येतं तेव्हा ते बरोबर मधे येतं आणि दोन्ही फाटे सारख्याच रुंदीचे असतात. फाटा निवडताना "कुठला रुंद आहे" हे बघण्यात वेळ घालवू नका. डबा कुठल्या फाट्यात आहे आणि जहाज कुठल्या, एवढंच बघायचं. अर्धं काम तिथंच कमी होतं.

मी पाठ केलं ते वहीत लिहून. गणिताची चौकटीची वही, उभी धरायची, खालून वर लिहायचं, कारण नदी तशीच जाते. प्रत्येक पुलाला एक आडवी जाड रेघ. दोन रेघांच्या मधला तो एक टप्पा. डब्याला पे, जहाजाला ज, हेलिकॉप्टरला हे, बेटाला नुसता गोल. अक्षर चौकटीच्या डावीकडे म्हणजे डावा काठ. एक टप्पा एका ओळीत असा दिसायचा: "पे डावा – गोल – ज उजवा फाटा – पे मधे, इथं हळू – पूल." एवढंच. सगळं लिहू नका, मला पहिल्यांदा तीच हौस होती आणि वही दोन टप्प्यांत भरली. फक्त डबे, बेटं, आणि जिथं तुम्ही मरता ती जागा. मेलेल्या जागेला मी लाल पेनानं फुली मारायचे. तीन फुल्या एकाच ठिकाणी पडल्या की त्या जागेचा स्वतंत्र सराव.

तसा सराव करायची सोय गेममध्येच आहे. विमान फुटलं की तुम्ही शेवटचा पूल जिथं उडवला तिथून पुढं, भरलेल्या टाकीनं सुरू होता, आणि जॉयस्टिकला हात लागेपर्यंत विमान थांबून राहतं. त्या थांबलेल्या वेळात वही उघडा. घाई करू नका, कुणी मागं लागलेलं नाही. शिवाय सिलेक्ट बटणानं गेमचे प्रकार बदलतात, ते जोडीनं येतात, एक एका खेळाडूसाठी आणि एक दोघांसाठी. पहिल्या जोडीत सुरुवात पहिल्या पुलापासून, पुढच्या जोडीत पाचव्यापासून, मग विसाव्यापासून, मग पन्नासाव्यापासून. पहिले चार टप्पे हातात बसले की ते परत परत खेळण्यात अर्थ नाही, सरळ पाचवरून सुरू करा आणि तिथून पुढची वही भरा. विसावरून एकदा-दोनदा उडवून बघा, फक्त पुढं काय वाढून ठेवलंय ते कळायला.

स्टेलात अजून एक मदत आहे: एफ९ नं खेळ आहे तिथं साठवता येतो आणि एफ११ नं तिथूनच परत सुरू करता येतो. आमच्या वेळी हे असतं तर! लाल फुलीच्या थोडं आधी साठवा आणि तोच तुकडा वीस वेळा करा. पण खरा स्कोअर लावताना हे वापरू नका. त्या काळी १५,००० च्या वर गुण मिळवून टीव्हीच्या पडद्याचा फोटो अ‍ॅक्टिव्हिजनला पाठवला की ते कपड्यावर शिवायचा एक बिल्ला पाठवायचे, रिव्हर रेडर्स म्हणून. तो बिल्ला मिळायचे दिवस गेले, पण १५,००० हा आकडा अजूनही चांगला पल्ला आहे. तिथवर साठवणीशिवाय पोचा, मग स्वतःला येतं असं म्हणा. स्कोअर दहा लाखांवर गेला की आकड्यांच्या जागी उद्गारचिन्हं येतात आणि खेळ संपतो. तिथवर मी गेलेले नाही.

हा गेम पश्चिम जर्मनीत १९८४ मध्ये मुलांसाठी घातक म्हणून यादीत टाकला होता, तो २००२ पर्यंत त्या यादीत होता. मला ते पटत नाही. यात रक्त नाही, माणसाचा चेहरा नाही. मोजणं आहे, आवाज ऐकणं आहे, आणि बोट आवरणं आहे. माझ्या भाच्याला मी हा त्यासाठीच दिला.

२६०० वरचा हात बसला की घरगुती कॉम्प्युटरवरचा रिव्हर रेड बघा. अटारीच्या ४०० आणि ८०० या कॉम्प्युटरांसाठी तो १९८३ मध्ये आला, तोही कॅरल शॉ यांनीच केलेला. नंतर कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रमवरही गेला. स्पेक्ट्रम आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन विकला होता, तेव्हा कुणाच्या माळ्यावर तो अजून असेलही. अटारी कॉम्प्युटरवरच्या खेळात मोठा फरक हा, की समोरचे उलटी गोळी मारतात. काठावर रणगाडे आहेत, हेलिकॉप्टरं गोळ्या झाडतात, शिवाय मधेच गरम हवेचे फुगे तरंगत येतात. २६०० वर तुम्हांला फक्त धडक टाळायची असते, इथं गोळीही टाळायची. म्हणून इथं काठालगत उडायची सवय मोडावी लागते. रणगाडा दिसला की त्याच्या रेषेत येण्याआधी वेग वाढवून निघून जायचं, त्याला मारायला थांबायचं नाही. पेट्रोलचं गणित मात्र इथंही तसंच सांभाळायचं.

आमची नवी वही सध्या तेविसाव्या पुलापर्यंत आली आहे. जुनी वही घर बदलताना गेली, म्हणून भाच्याबरोबर पहिल्यापासून लिहायला घेतली. तो खेळतो आणि ओरडून सांगतो, मी लिहिते, मग उलट. तेविसाव्यानंतरच्या टप्प्यात शेवटचा डबा डाव्या फाट्यात आहे असं तो म्हणतो. मला तो उजव्यात दिसला. दोघांच्याही तिथं लाल फुल्या पडल्यात. रविवारी तो येणार आहे, तेव्हा विसावरून सुरू करून आधी ते बघायचंय.